आत मी, बाहेर तुम्ही

अण्णा, तुमचं तेरावं जेवून निफाडहून नाशकात परतलो आणि त्याच आठवड्यात तुमचं खोटं उघडं पडलं.

माझ्या बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या. नेहमीचं मेडिकल बंद, म्हणून मी आणि सुनंदा मुंबई नाक्याजवळच्या एका हॉस्पिटलसमोरच्या दुकानात गेलो. काउंटरवरचा माणूस मला ओळखत नव्हता, पण माझ्या बायकोकडे बघून हसला. "ताई, काकांचं कसंय आता? बरेच दिवस दिसला नाहीत." मला वाटलं, माझंच विचारतोय. "बरं आहे, बीपी कंट्रोलमध्ये आहे," असं मी सांगूनही टाकलं. तो गोंधळला. "नाही हो, ते निफाडचे काका. पोटातलं पाणी काढायला यायचे ते."

सुनंदा गोळ्या न घेताच दुकानाच्या पायऱ्या उतरली. मी मात्र सुट्टे पैसे हातात धरून तसाच उभा. निफाडचे काका आमच्या ओळखीत एकच. ते झोपेतच, हार्टनं गेले असं मला सांगितलं होतं. आणि त्यांच्या पोटात पाणी होतं, हे त्यांना जाळून, राख गोदावरीत सोडून आल्यावर मला एका औषधाच्या दुकानात कळत होतं.

 घरी आल्यावर सुनंदानं सगळं सांगितलं. पोटात गाठ होती, ती लिव्हरपर्यंत गेली होती. दिवाळीच्या आधीच कळलं होतं. इथल्या डॉक्टरांनी ऑपरेशनला नाही म्हटलं, मुंबईला एकदा दाखवून बघा म्हणाले, आणि तुम्ही 'बघू' म्हणून उठलात. मग दर पंधरा-वीस दिवसांनी यायचात, पाणी काढून घ्यायचात, दुखण्याच्या गोळ्या घ्यायचात आणि जायचात. निफाडहून अक्का बरोबर यायच्या आणि इथून सुनंदा. म्हणजे तुमच्या बायकोला ठाऊक, माझ्या बायकोला ठाऊक, औषधवाल्याला ठाऊक. न कळलेला माणूस एकच, ज्याच्यावाचून तुमच्या आख्ख्या गोतावळ्यातलं कुणी कधी साधा एक्स-रे काढला नाही.

"आणि पाणी काढल्यावर? लगेच गाडीत बसवायचात त्यांना?" मी विचारलं. मला काय झालं होतं कुणास ठाऊक, मी प्रोसिजरचीच चौकशी करत होतो.

"नाही. दुपारी इथंच पडायचे," तिनं हॉलमधल्या पलंगाकडे हात केला. "मऊ भात खायचे दोन घास. तुम्ही ऑफिसातून यायच्या आत निघायचे."

आमच्या हॉलमधल्या त्या पलंगाला 'पेशंटचा पलंग' हे नाव तुम्हीच ठेवलंत. सायखेड्याहून, निफाडहून, पार घोटीकडून कुणालाही काही झालं की पहिल्या गाडीनं यायचं ते इंदिरानगरात आमच्याकडे, त्या पलंगावर टेकायचं, चहा घ्यायचा आणि मग माझ्याबरोबर दवाखान्यात. गावातलं आजारपण नाशकातल्या नातेवाइकाच्या दारातून गेल्याशिवाय डॉक्टरपर्यंत पोचत नाही, ही आपल्याकडची रीतच. तुम्ही रीत मोडली नाहीत, हेच मला जास्त लागलं. माझ्याच घरात आलात, त्याच पलंगावर पडलात, माझ्याच घरचा भात खाल्लात आणि मी येण्याआधी पाय लावून पळालात. संध्याकाळी येऊन मी त्याच पलंगावर बसून पेपर वाचत होतो, अण्णा.

आपण साडू. दोन बहिणींचे नवरे, याउपर आपलं नातं काय? तुम्ही द्राक्षं पिकवणारे, मी पाटबंधारे खात्यातला कारकून. पण सासऱ्यांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांच्या पायापासून सासूबाईंच्या किडनीपर्यंत सगळं आपल्या दोघांच्या गळ्यात आलं. नंतर ती सवयच पडली. तुमचा चुलता, माझी मावशी, अक्कांचे दात. लोक सुट्टीत देवाला जातात, आपण साडू साडू ओपीडीला जायचो. माझी सगळी अर्जित रजा दवाखान्याच्या बाकांवर संपली आणि तुमच्या बागेची छाटणी दोनदा तरी माझ्यापायी लांबली. मी कधी कुरकुरलो नाही. खरं सांगू? मला ते आवडायचं. ऑफिसात मला कोण विचारत होतं? फाइल आली की पुढं ढकलायची. पण दवाखान्यात माझ्या शब्दाला वजन होतं.

कामाची वाटणी न बोलताच ठरली होती. आत मी, बाहेर तुम्ही. केबिनमध्ये डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत मी बसायचो. रिपोर्ट तारखेनं लावलेले, प्रश्न तोंडपाठ. पेशंट माझ्या शेजारी. डॉक्टरांनी विचारलं की मी सांगायचं, कारण पेशंट नको तिथून सुरुवात करतो आणि डॉक्टरांना वेळ नसतो. तुम्ही बाहेर बाकावर. तासाभरात तुम्हाला अख्ख्या व्हरांड्याची गावं ठाऊक व्हायची. कोण कुठला, कुणाचा पेशंट, कुणाकडे बाग आणि कुणाकडे ऊस. द्राक्षाच्या दिवसात एक पेटी बरोबर असायचीच. रिसेप्शनवरच्या मुलीला घड, वॉचमनला घड, शेजारच्या अनोळखी म्हातारीला घड. आणि मग आपला नंबर कसा कोण जाणे, पुढं सरकायचा. मी चिडायचो. हा काय प्रकार, रांग म्हणजे रांग. तुम्ही म्हणायचात, "सतीशराव, तुम्ही आत इंग्रजी बोला, मी बाहेर द्राक्ष बोलतो. पेशंट बरा झाल्याशी मतलब."

सगळ्या पाहुण्यांत तुम्ही माझी ओळख करून द्यायचात, "हे आमचे घरचे डॉक्टर. फकस्त सुई तेवढी टोचत नायत." मी वरवर रागवायचो. आतून किती सुखावायचो, ते तुम्हाला कळत होतंच.

म्हणून विचारतो, घरचा डॉक्टर अचानक नको का झाला?

नुसतं लपवलं असतंत तरी एक वेळ समजून घेतलं असतं. तुम्ही मला खेळवलंत. संक्रांतीला आलात तेव्हा शर्ट खांद्यांवर नुसता लोंबत होता. मी विचारल्यावर म्हणालात, "साखर निघाली हाय. गोड सोडलंय, म्हणून उतरलो जरा." मी तुमच्यावर विश्वास ठेवला. इतक्या वर्षांच्या केबिनी कोळून प्यालेला मी! दुसऱ्या दिवशी साखर तपासायचं मशिन आणून तुमच्या हातात ठेवलं, बोटाला सुई कशी लावायची ते दाखवलं. तुम्ही शहाण्या पोरासारखी मान डोलावत शिकून घेतलंत. पुढं दर रविवारी तुमचा फोन. "उपाशीपोटी एकशे तीस, जेवून एकशे नव्वद." मी म्हणायचो, "अण्णा, जेवणानंतरची जास्त आहे. भात कमी करा." तुम्ही म्हणायचात, "करतो की. तुम्ही सांगितल्यावर करायलाच पायजे."

आकडे कुणाचे होते ते आता कळलं. अक्कांचे! साखर अक्कांना आहे. त्यांच्या बोटाला सुई टोचून आकडा घ्यायचात आणि मला तुमचा म्हणून सांगायचात. मी तुमच्या भाताच्या मागे लागलो होतो आणि तुम्हाला भाताचे चार घास जात नव्हते. अक्कांना मी फोनवर हे विचारलं तेव्हा त्या रडता रडता हसायला लागल्या. म्हणाल्या, "तुमी दिलेला सल्ला ते मलाच पाळायला लावायचे, सतीशराव. माझी साखर लय खाली आली त्याच्यानं." मलाही हसू आलं आणि त्या हसण्याचा मला संताप आला. तुमच्यावर धड रागवूही देत नाही तुम्ही.

सुनंदावर मात्र मी रागावलो. चांगला रागावलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं माझ्यापासून भिशीचे पैसे सोडले तर काही लपवलेलं नव्हतं. रोज ती माझ्यासमोर जेवायला बसत होती, मी तिला तुमच्या साखरेचे आकडे सांगत होतो आणि ती 'हो का' म्हणत होती. मी म्हणालो, "एकदा तरी सांगावंसं वाटलं नाही तुला?"

"रोज वाटायचं. दाजींनी शपथ घातली होती."

"शपथ गेली खड्ड्यात. मी काय केलं असतं त्यांचं? खाल्लं असतं?"

ती शांतपणे म्हणाली, "मुंबईला नेलं असतं तुम्ही. मग आणखी कुठं. त्यांना घरी राहायचं होतं. तुम्ही राहू दिलं नसतं. आईला दिलं का?"

आली ना गाडी तिथंच. मला ठाऊक होतं, कधीतरी येणार.

तो दिवस मला जसाच्या तसा दिसतो, अण्णा. सासूबाई आयसीयूत होत्या. तुम्ही सायखेड्याहून, त्यांच्या घरून, जीप घेऊन आलात. मागची सीट काढून गादी घातली होती, वर त्यांची ती निळ्या फुलांची गोधडी. पार्किंगमध्ये मला गाठून म्हणालात, "म्हातारी घरी चल म्हणती. गाडी आणली हाय." मी म्हणालो, "क्रिएटिनिन खाली येतंय अण्णा, डॉक्टर उद्यापर्यंत थांबा म्हणतात." तुम्ही म्हणालात, "बरं." एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तिथंच गेल्या, नळ्या लावलेल्या. तुम्ही गोधडीची घडी केलीत, गाडी काढलीत आणि पुढच्या तयारीला लागलात.

भांडायचं होतं ना त्याच वेळी. पार्किंगमध्ये माझी कॉलर धरायची होती. मी तुम्हाला उत्तर दिलं असतं. आजही देतो. क्रिएटिनिन खरंच खाली येत होतं. डॉक्टरांनी खरंच थांबायला सांगितलं होतं. त्याच सासूबाईंना त्याआधी दोनदा मी असाच हट्ट करून परत आणलं होतं, तेव्हा गावात पेढे कुणी वाटले? तुम्हीच. माणूस वाचला की माझा हट्ट चांगला आणि नाही वाचला की मी त्यांना घरी जाऊ दिलं नाही, हा कुठला न्याय? पण तुम्ही 'बरं' म्हणालात. मी त्या 'बरं'ला होकार समजलो. तुम्ही त्या दिवशी माझ्याबद्दल निकाल लावून टाकला होतात, हे मला इतक्या वर्षांनी तुमच्या मरणातून कळावं? त्यानंतरही आपण किती दवाखाने केले! तुम्ही बाकावर बसून द्राक्षं वाटत होतात आणि मनात ठरवत होतात की आपली पाळी आली की या माणसाला आत घ्यायचं नाही.

सुनंदा म्हणते, तुम्हाला तसं वाटत नव्हतं. म्हणते, तुम्ही मला घाबरत होतात. तुम्ही? ज्यानं विहिरीत उतरून गाळ काढला, ज्यानं गारपिटीत उभी बाग गेली तरी दुसऱ्या दिवशी दाढी करून बाजारात जाऊन दाखवलं? ती म्हणते, "तुम्ही 'चला' म्हणाला असता तर ते गेले असते. तुम्हाला नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नाही. म्हणून समोरच यायचं नाही असं ठरवलं." हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. माझ्या डोळ्यांपुढं तुम्ही आमच्या दारात चपला घालताय, अक्का पिशवी धरून उभ्या आहेत, तुम्ही घड्याळाकडे बघताय, असंच येत राहतं. पाणी काढलेलं पोट धरून, माझ्या पायरवाच्या भीतीनं जिना उतरणारे तुम्ही.

तुमच्या शेवटच्या महिन्यात मी निफाडला आलो होतो. आठवतं? घड उतरायला लागले होते. तुम्ही ओट्यावर खाट टाकून पडला होतात, 'कंबर धरली' म्हणालात. मी कंबरेचे व्यायाम सांगितले. तुम्ही ऐकलेत. मग म्हणालात, "बसा जरा. आज दवाखान्याचं बोलायचं नाय." आपण बसलो. बागेत बायका कात्रीनं घड काढत होत्या, त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता. तुम्ही मला एकेक मणी निवडून देत होतात, मी खात होतो. तुम्ही एकही खाल्ला नाही, ते माझ्या लक्षात आलं. वाटलं, साखर पाळतात. अण्णा, ती दुपार फार छान गेली. इतक्या वर्षांत आपण कुणाच्या रिपोर्टची वाट न बघता बसलोय, असं पहिल्यांदाच झालं होतं. ती तुम्ही मला मुद्दाम दिलीत, हे आता कळतं आणि त्याबद्दल तुमचे पाय धरावेसे वाटतात. पण लगेच वाटतं, तुम्हाला माहीत होतं की ही शेवटची आहे आणि मला माहीत नव्हतं. एकाच खाटेवर बसून दोन वेगवेगळ्या दुपारी. तुम्ही माझा निरोप घेतलात, मला तुमचा घेऊ दिला नाहीत.

सुनंदाशी चार-पाच दिवस मी बोललो नाही. डबा घ्यायचो, निघायचो. ती पण तुमचीच मेहुणी, तिनंही मनवायचा प्रयत्न केला नाही. मग एका सकाळी मी बूट घालत असताना समोर येऊन उभी राहिली.

"आज रजा टाकता का?"

"कशाला?"

"मला दवाखान्यात जायचंय. माझ्यासाठी." आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "पण आत मी बोलणार. तुम्ही शेजारी बसायचं."

मी काही विचारलं नाही. मोठ्या कष्टानं विचारलं नाही. रिक्षात माझ्या डोक्यात नाना शंका येत होत्या आणि ती उघड्या बाजूनं रस्ता बघत होती. बाहेर बाकावर बसलो तेव्हा शेजारच्या माणसानं गाव विचारलं. मला गप्पा मारता आल्या नाहीत. ते काम तुमचं होतं.

आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" सवयीनं माझ्या तोंडून 'तिला' एवढं निघालंच. सुनंदानं माझ्याकडे बघितलं. मी खुर्चीत मागं टेकलो.

ती म्हणाली, "जिना चढताना छातीवर दाबल्यासारखं होतं. डाव्या हाताला कळ येते. घाम फुटतो. बसलं की थांबतं."

"केव्हापासून?"

"झाले की आठ-नऊ महिने."

आठ-नऊ महिने, अण्णा. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. ती रोज तो जिना भाजीच्या पिशव्या घेऊन चढत होती. मी घरचा डॉक्टर! माझ्या घरात हे चाललं होतं आणि मी रविवारचे तुमचे आकडे घेत बसलो होतो. डॉक्टरांनी ताबडतोब ईसीजी सांगितला. म्हणाले, तो काहीही दाखवो, उद्याच अँजिओग्राफी करून घेऊ, लांबवण्यात अर्थ नाही.

ईसीजीच्या खोलीबाहेर आम्ही बसलो होतो. मला तिच्यावर ओरडायचं होतं. हळू आवाजात विचारलं, "हे पण माझ्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?"

"दाजींना होतं," ती म्हणाली. "त्यांच्या त्या हॉस्पिटलची लिफ्ट बंद होती एकदा. मी मधल्या पायरीवर खाली बसले. त्यांनी बघितलं. स्वतःचं पोट धरून माझ्याशेजारी बसले ते. तेव्हापासून दर खेपेला एकच लावलं होतं त्यांनी. शेवटी तर माझा हात धरून म्हणाले."

"काय म्हणाले?"

 ती तुमच्यासारखंच बोलायला लागली, तुमच्या आवाजात.

"म्हणाले, 'माझं नको सांगू. पण तुझं सतीशरावांला आजच सांग. ते डॉक्टरांच्या मागं लागतील, मुंबई करतील, सगळ्यांला वैताग आणतील. पण तुला जाऊ देणार नायत ते.'"

अण्णा, हे एवढं एकदा माझ्या तोंडावर का नाही म्हणालात?